एअरगनचा स्लग किती वजनाचा घ्यावा? लांब पल्ला, वारा आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) एअरगननं ७५-१०० यार्डांवर आणि त्याच्याही पुढे नेम धरणाऱ्यांचे तेच तेच प्रश्न येत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक अमेरिकेत राहणारे, म्हणून मापं ग्रेन, यार्ड, फूट प्रति सेकंद आणि मैल प्रति तास अशीच ठेवली आहेत. १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, १०० यार्ड म्हणजे ९१.४ मीटर. भारतात बसून वाचत असाल तर आधी प्रश्न १७ वाचा, मग बाकीचं. वाऱ्याचे आणि पडण्याचे आकडे समुद्रसपाटीच्या हवेसाठी हिशोबानं काढलेले आहेत. तुमच्या रायफलवर ते थोडे इकडेतिकडे होतील, पण आकड्यांमधलं नातं तेच राहील.

१. स्लग आणि साधा पेलेट यांत नेमका फरक काय?

पेलेट, म्हणजे आपला छर्रा, डमरूच्या घाटाचा असतो: कमरेत बारीक आणि मागे पोकळ घेर. हा मागचा घेर हवा अडवतो आणि त्यामुळेच पेलेटचं तोंड पुढे राहतं. याची किंमत म्हणजे वेग झपाट्यानं कमी होतो. स्लग जवळजवळ सरळ दंडगोल असतो. तो शिशाचा भरीव तुकडा, नाकात बहुधा भोक आणि बुडाशी थोडा खळगा. त्याला हवा सावरत नाही, बॅरलमधल्या आट्यांनी (वळणदार खाचांनी) दिलेली गिरकीच सावरते. म्हणून तो वेग टिकवतो, पण बॅरलबाबत भलताच चोखंदळ असतो (प्रश्न ७ ते ९).

२. जड स्लग वाऱ्यात कमी सरकतो ना? मग मिळेल तो सगळ्यात जड का घेऊ नये?

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. वारा स्लगला किती सरकवतो हे वजनावर थेट ठरत नाही, ते ‘उशिरा’वर ठरतं. हवाच नसती तर स्लग लक्ष्यापर्यंत जितक्या वेळात पोचला असता, त्यापेक्षा प्रत्यक्षात त्याला किती जास्त वेळ लागला, तो हा उशीर. या उशिराला आडव्या वाऱ्याच्या वेगानं गुणलं की सरक मिळते. हिशोब इतका साधा आहे.

यातून एक गोष्ट निघते जी अनेकांना पटायला वेळ लागतो: लक्ष्यापर्यंत लागणारा एकूण वेळ सरक ठरवत नाही. हळू जाणारा पण वेग न गमावणारा स्लग, जोरात निघून दमणाऱ्या पेलेटपेक्षा कमी सरकतो. जड स्लग वेग कमी गमावतो म्हणून त्याचा उशीर कमी. पण तुमच्या रायफलीत ताकद तितकीच असेल तर तो निघतोच हळू, आणि तिथे दुसरे हिशोब सुरू होतात. ते प्रश्न ५ मध्ये.

३. बीसी बीसी सगळे म्हणतात. वजनाशी त्याचा काय संबंध?

बीसी म्हणजे बॅलिस्टिक कोइफिशंट, हवेतून जाताना वेग टिकवण्याची क्षमता. तो दोन गोष्टींतून येतो. पहिली, आडव्या छेदाच्या मानानं वजन: पाउंडातलं वजन भागिले इंचातल्या व्यासाचा वर्ग. .२१७ इंचाच्या २३ ग्रेन स्लगसाठी हा आकडा ०.०७० येतो, ३० ग्रेनसाठी ०.०९१. दुसरी गोष्ट आकार, म्हणजे नाक किती निमुळतं, भोक किती रुंद, बूड कसं. त्याच वजनाच्या दोन स्लगांचा बीसी आकारामुळे सहज १५-२० टक्क्यांनी वेगळा असू शकतो. म्हणून ‘२५ ग्रेन चांगला’ हे वाक्य अपुरं आहे. कुणाचा २५ ग्रेन, कोणत्या नाकाचा, हे विचारायला हवं.

.२२ चे (म्हणजे .२२ इंची बॅरलचे) पेलेट ढोबळमानानं ०.०३ ते ०.०४ मध्ये असतात, स्लग ०.०७ ते ०.११ मध्ये.

४. पेलेट सोडून स्लगवर आलो तर वाऱ्यात किती फायदा होईल?

भरपूर. १८ ग्रेनचा पेलेट ९०० च्या वेगानं आणि २३ ग्रेनचा स्लग ८८५ च्या वेगानं निघाला, आणि बाजूनं फक्त ५ मैलांचा वारा असला, तर १०० यार्डांवर पेलेट सुमारे साडेसात इंच सरकतो, स्लग पावणेतीन इंच. ५ मैलांचा वारा म्हणजे गालाला नुसता जाणवणारा आणि झाडाची पानं हलवणारा. शिवाय १०० यार्डांवर स्लगकडे ७० टक्के ऊर्जा शिल्लक असते, पेलेटकडे निम्म्याहूनही कमी.

ही पहिली उडी सगळ्यात मोठी आहे. यानंतर स्लगचं वजन वाढवून जे मिळतं ते याच्या तुलनेत चिल्लर आहे.

५. माझी .२२ रायफल ४० फूट-पाउंड (निघतानाची ऊर्जा) देते. २० ग्रेन घेऊ, २३, २७ की ३०?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. एकाच आकाराचे, फक्त लांबी वाढवत नेलेले चार स्लग धरले आणि प्रत्येकाला ४० फूट-पाउंडच दिले, तर १०० यार्डांवर ५ मैलांच्या आडव्या वाऱ्यात चित्र असं दिसतं:

| वजन (ग्रेन) | निघतानाचा वेग (फूट/से.) | वाऱ्यानं सरक (इंच) | वेगात १० फुटांचा फरक पडल्यास वर-खाली (इंच) |
|---|---|---|---|
| २० | ९४९ | ३.३ | ०.५ |
| २३ | ८८५ | २.७५ | ०.६ |
| २७ | ८१७ | २.३५ | ०.७ |
| ३० | ७७५ | २.२ | ०.८ |

तिसरा आणि चौथा रकाना शेजारी ठेवून पाहा. २० वरून २३ वर गेलात तर सरक अर्धा इंचापेक्षा जास्त घटते आणि उभा फरक जेमतेम ०.१ इंच वाढतो. हा सौदा डोळे मिटून घ्यावा. २७ वरून ३० वर गेलात तर सरक ०.१५ इंच घटते, उभा फरक पुन्हा ०.१ इंच वाढतो. म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकलं. त्यात ३० ग्रेनचा लांब स्लग ७७५ च्या वेगाला तुमच्या बॅरलमधून स्थिर जाईलच याची खात्री नाही, मॅगझिनमध्ये तो मावेलच असंही नाही.

आणखी एक बाजू आहे. रेंजवर आपण वारा चुकतो तो सगळा नाही चुकत, एखाद-दुसऱ्या मैलानं चुकतो. वाचण्यात १ मैलाची चूक झाली तर २३ ग्रेनला ०.५५ इंच महागात पडते, ३० ग्रेनला ०.४४. फरक ०.११ इंच. एवढ्यासाठी रायफल तिच्या कुवतीबाहेर ताणण्यात अर्थ नाही. ४० फूट-पाउंडाला माझं मत २३ ते २५ ग्रेन. ५० च्या वर ताकद असेल तर २७ ग्रेन आरामात ९०० गाठतो, तेव्हा तो घ्या.

थोडक्यात सूत्र हवं असेल तर ताकद तीच ठेवून वजन वाढवलं की सरक वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, पण स्लगचं पडणं जवळजवळ वजनाच्याच प्रमाणात वाढतं. वरच्या तक्त्यात २० ग्रेनची सरक या सूत्रापेक्षा थोडी जास्त दिसते, त्याचं कारण पुढच्या प्रश्नात आहे.

६. मग हलकाच स्लग घेऊन १००० फुटांच्या वेगानं मारला तर? वेग जास्त तर वाऱ्याला वेळ कमी.

इथेच प्रश्न २ मधला ‘उशीर’ कामाला येतो. ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सुमारे ११२६ फूट असतो. त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत हवेचा अडथळा बऱ्यापैकी शांत असतो, पुढे मात्र तो चढतो आणि ९० टक्क्यांच्या आसपास झपाट्यानं चढतो. बीसी मोजण्यासाठी जो जी१ नमुना वापरतात, त्याचा अडथळ्याचा गुणांक ध्वनीच्या ७० टक्के वेगाला ०.२२ च्या आसपास, ८० टक्क्यांना ०.२५, ९० टक्क्यांना ०.३४ आणि ध्वनीच्या वेगालाच ०.४८ असतो.

त्यामुळे तोच स्लग ९०० ऐवजी १००० नं मारला तर उभ्या रेषेत फायदा होतो, पण वाऱ्यातली सरक कमी होत नाही, उलट थोडी वाढू शकते. .२२ रिमफायर (दारूच्या छोट्या काडतुसांच्या) रायफलवाल्यांना हे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. त्यांचा ४० ग्रेनचा हाय-व्हेलॉसिटी (जास्त वेगाचा) राउंड वाऱ्यात स्पर्धेच्या मॅच राउंडपेक्षा जास्त भरकटतो, म्हणून स्पर्धेत ते ध्वनीच्या खालीच राहतात. पॅरिस २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेनं ज्या ५० मीटर थ्री-पोझिशनमध्ये कांस्य घेतलं, तो खेळ याच .२२ राउंडनं खेळला जातो.

स्लगसाठी ८५० ते ९३० हा पट्टा धरून चाला. ९५० च्या वर ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या फैरींच्या भोकांचा पुंजका) चांगला येत असेल तर येऊ द्या, पण ‘वाऱ्यासाठी’ म्हणून वर चढू नका.

७. ट्विस्ट (बॅरलमधल्या आट्यांचा पीळ) किती असावा? जड स्लगला जास्त गिरकी लागते ना?

लांब स्लगला लागते. वजन इथे फक्त निमित्त आहे. रुंद भोकाचा आणि खोल बुडाचा २५ ग्रेन, भरीव २७ ग्रेनपेक्षा लांब असू शकतो आणि त्यालाच जास्त गिरकी लागेल.

पेलेटसाठी बनवलेल्या .२२ बॅरलमध्ये बहुधा १७.७ इंचांत, म्हणजे ४५० मिलिमीटरमध्ये, एक पूर्ण वेढा असतो. २०-२३ ग्रेनचे आखूड स्लग अशा बॅरलमधून सहसा नीट जातात. २७ च्या पुढे १६ इंच किंवा त्याहून आवळ ट्विस्ट असलेला बरा. गिरकी कमी पडत असेल तर कागद सांगतो: भोकं गोल न येता एका बाजूला लांबट येतात, किंवा ५० यार्डांपर्यंत छान असलेला ग्रुप ७५ च्या पुढे एकदम फुटतो.

गिरकी फार जास्त असली तर निराळी पंचाईत. स्लगचा तोल कणभर जरी बिघडलेला असला (भोक मध्यावर नसणं, बुडाला चिमटा), तर ती चूक गिरकीच्या प्रमाणात मोठी होते. चांगल्या डबीत हे दिसत नाही, स्वस्त डबीत दिसतं.

८. डबीवर .२१७, .२१८ असं लिहिलेलं असतं. वजन तेच असेल तर व्यासानं काय बिघडतं?

वजनापेक्षा जास्त बिघडतं. पेलेटचा मागचा घेर फुगून आट्यांत बसतो, स्लगला अशी सोय नाही. तो सैल असेल तर बाजूनं हवा निसटते आणि वेग दर फैरीला बदलतो. घट्ट असेल तर घर्षण वाढतं, शिसं चिकटतं, बोल्टला जोर लावावा लागतो आणि भरतानाच बूड चेपतं. म्हणून वजन निवडायच्या आधी व्यास निवडा. दोन व्यासांची एकेक डबी आणा, तीच रायफल, तीच सेटिंग. ज्यात वेगातला फरक कमी तो तुमचा व्यास. एनएसए ही स्लग बनवणारी कंपनी, ते एकाच वजनाचे स्लग अनेक व्यासांत देतात, त्यांच्यावर ही चाचणी सोपी पडते.

९. माझ्या बॅरलला चोक आहे. स्लग वापरू का?

वापरून पाहा, पण अपेक्षा कमी ठेवा. बॅरलच्या तोंडाशी छिद्र किंचित आवळणं हे पेलेटसाठी फायद्याचं असतं. स्लग तिथे दाबला जातो, शिसं साचतं आणि काही फैरींनंतर ग्रुप उघडतो. लहान व्यासाचा, आखूड स्लग यातून निभावतो. जड आणि लांब स्लगचं अंग आट्यांना जास्त लांबीवर घासतं, त्यामुळे तो इथे आधी रुसतो.

१०. रायफल तीच ठेवून फक्त वजन बदललं तर सेटिंग बदलावी लागते का?

हो, नाहीतर तुलनाच खोटी. जड स्लग बॅरलमध्ये जास्त वेळ राहतो, त्याला जास्त दाबाची आणि जास्त हवेची गरज असते. १८ ग्रेन पेलेटवर बसवलेल्या सेटिंगमध्ये २७ ग्रेन टाकला तर तो रडत निघेल, आणि तुम्ही म्हणाल स्लग वाईट.

पद्धत अशी: रेग्युलेटरचा (दर फैरीला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाचा) दाब ठरवा. हॅमर स्प्रिंग (हवेची झडप ठोकून उघडणाऱ्या हातोडीची स्प्रिंग) हळूहळू आवळत जा आणि प्रत्येक पायरीला क्रोनोग्राफवर (वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेग लिहा. एका जागी वेग वाढायचा थांबतो. तिथून स्प्रिंग सैल करत वेग ३ ते ५ टक्क्यांनी खाली आणा आणि तिथेच थांबा. हवा वाया जात नाही आणि वेगातला फरक कमी राहतो. कमाल वेग हवा त्या पट्ट्यात (प्रश्न ६) नसेल तर रेग्युलेटर बदला, स्प्रिंगशी झटू नका. रेग्युलेटर वाढवताना बनवणाऱ्यानं दिलेली मर्यादा ओलांडू नका, आणि कमी करायचा असेल तर आधी हवा सोडायला सांगितली आहे का ते पुस्तिकेत बघा.

वरच्या मर्यादेलाही जो स्लग ८५० गाठत नाही, तो तुमच्या रायफलीसाठी जड आहे.

११. कंपनी देते तो बीसी खरा धरायचा का?

सुरुवातीला धरा, नंतर स्वतःचा काढा. बीसी वेगानुसार, बॅरलनुसार बदलतो. आट्यांच्या खुणा खोल उमटल्या तरी तो घटतो. रडार असलेला क्रोनोग्राफ असेल तर पुढच्या अंतरांचे वेग तोच देतो. नसेल तर ३० यार्डांवर झीरो करून (दुर्बिणीचा नेम त्या अंतराला जुळवून) १०० यार्डांवर स्लग किती खाली लागतो ते मोजा आणि ॲपमध्ये बीसी असा बदला की उत्तर जुळेल. हे वारा पडलेल्या सकाळी करा. ॲपमध्ये जी१ च्या जोडीला आरए४ नमुना असेल तर तोही लावून बघा, मूळचा तो रिमफायरसाठीचा, पण स्लगला अनेकदा बरा जुळतो.

१२. दोन वजनांची तुलना करताना किती फैरी माराव्यात? पाचाचा ग्रुप पुरेसा आहे ना?

नाही. पाच फैरींचा एक सुंदर ग्रुप नशिबानंही येतो, आणि फोटो नेमका त्याचाच काढला जातो. प्रत्येक वजनाचे किमान चार-पाच ग्रुप मारा, आणि सगळ्यात चांगला नव्हे तर सरासरी बघा. दोन्ही वजनं आलटून पालटून मारा, म्हणजे वारा बदलला तरी तो दोघांच्या वाट्याला येतो. ग्रुपची रुंदी आणि उंची वेगळी मोजा. रुंदी जास्त असेल तर वारा किंवा तुमचं वाचन, उंची जास्त असेल तर बहुतेक वेळा वेगातला फरक, जो क्रोनोग्राफवर सापडेल.

नवा स्लग सुरू करताना बॅरल साफ करून काही फैरी नुसत्या जाऊ द्या. आधीच्या डबीचं शिसं आणि वंगण तुमचा निकाल फिरवतं.

१३. स्लग काट्यावर तोलून वेगळे करण्यात अर्थ आहे का?

१०० यार्डांवर थोडा आहे. २३ ग्रेनमध्ये ०.२ ग्रेनचा फरक म्हणजे जवळजवळ १ टक्का, त्यानं वेगात सुमारे ४ फूट आणि कागदावर पाव इंच उभा फरक पडतो. चांगल्या डब्यांत फरक याहून कमीच असतो. तोलण्याआधी डोळ्यांनी निवडा: चेपलेलं बूड, वाकडं भोक, बाजूला राहिलेली कड. असा एक स्लग काढून टाकल्यानं जे साधतं ते तासभर तोलून साधत नाही.

१४. वारा कुठला बघायचा, माझ्याजवळचा की लक्ष्याजवळचा?

दोन्ही, पण जवळच्याला जास्त मान द्या. सुरुवातीला मिळालेला आडवा धक्का पुढचं सगळं अंतर वाढत जातो. पल्ल्याच्या पहिल्या अर्ध्या भागातला वारा एकूण सरकेच्या सुमारे तीन चतुर्थांश घडवतो. अपवाद एवढाच, की तुमचं बेंच भिंतीच्या किंवा छपराच्या आडोशाला असेल तर पहिल्या १०-१५ यार्डांत वाराच नसतो. तेव्हा पहिला झेंडा आडोशाच्या बाहेर लावा.

वारा तिरका असेल तर पूर्ण धरू नका. नेमाच्या रेषेशी ३० अंशांचा कोन असेल तर निम्मा, ४५ ला सुमारे ७० टक्के, ६० ला ८७ टक्के. समोरून किंवा पाठीमागून येणारा वारा निरुपद्रवी वाटतो, पण तोच जरा डावी-उजवी करू लागला की सगळ्यात जास्त फसवतो. अशा वेळी जड स्लग वाचवत नाही, थांबणं वाचवतं.

१५. वारा उजवीकडून येतो तेव्हा फैर डावीकडे जाते हे समजलं, पण ती वर का जाते?

बॅरलची गिरकी उजवी असेल तर असंच होतं. फिरणारा स्लग बॅरलच्या बाहेर पडताच आडव्या वाऱ्याला सामोरा जाण्यासाठी नाक वळवतो, आणि या वळण्यात त्याची वाट किंचित वर किंवा खाली होते. उजवीकडून वारा आला तर फैर डावी-वर, डावीकडून आला तर उजवी-खाली. झुळझुळत्या वाऱ्यात ग्रुप आडवा न येता घड्याळातल्या दहा आणि चार यांना जोडणाऱ्या रेषेवर तिरका आला तर रायफल बिघडलेली नाही. बॅरल डाव्या गिरकीची असेल तर सगळं उलट.

१६. .२५ किंवा .३० घेतली तर वाऱ्यात आपोआप फायदा होतो का?

आपोआप नाही. .२२ मधला २७ ग्रेन, .२५ मधला ३४ ग्रेन आणि .३० मधला ५० ग्रेन, या तिघांचं व्यासाच्या मानानं वजन जवळजवळ सारखंच आहे, म्हणजे बीसीही आसपासच. पण ९०० च्या वेगाला पहिल्याला ४९ फूट-पाउंड लागतात, दुसऱ्याला ६१, तिसऱ्याला ९०. मोठा व्यास तेव्हाच घ्या जेव्हा रायफल ती जास्तीची ताकद खरोखर देते. छोटी रायफल आणि मोठा व्यास ही जोडी वाऱ्यासाठी वाईट.

१७. भारतात हे सगळं करता येईल का?

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ज्या एअरगनची ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त आहे किंवा व्यास .१७७ इंचापेक्षा (४.५ मिलिमीटर) जास्त आहे, तिला परवाना लागतो. २० जूल म्हणजे जेमतेम १५ फूट-पाउंड. वर चर्चा केलेल्या सगळ्या रायफली त्याच्या कितीतरी पुढे आहेत, म्हणून त्या बाहेरून मागवण्याचा विचार परवाना शाखेला विचारल्याशिवाय करू नका.

बिनपरवाना मर्यादेत .१७७ चा १० ग्रेन स्लग जास्तीत जास्त ८१५ च्या आसपास निघेल. मिळाला आणि बॅरलला मानवला तर वापरा, पण या ताकदीला जेएसबी कंपनीचे ८.४४ किंवा १०.३४ ग्रेनचे चांगले पेलेट ५० मीटरपर्यंत जास्त भरवशाचे. १० मीटरच्या बंदिस्त रेंजवर तर वाराच नाही, तिथे चपट्या नाकाचा पेलेट चालतो आणि हा सगळा विषयच उद्भवत नाही. वन्यप्राण्यांची शिकार वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. एअरगन आहे म्हणून सूट नाही.

१८. मी न्यू जर्सीत राहतो. अमेरिकेत एअरगन मोकळी असते ना?

केंद्रीय कायद्यात एअरगन ‘फायरआर्म’ नाही, पण न्यू जर्सीच्या कायद्यात आहे. तिथे विकत घेण्याआधी फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड लागतं. एडिसनला राहून टेक्ससच्या मित्राचं ऐकून ऑर्डर देऊ नका.

१९. इंग्लंडमध्ये १२ फूट-पाउंडाची मर्यादा आहे. त्यात कोणता स्लग?

माझ्या मते कोणताच नाही. .२२ चा २० ग्रेन स्लग तिथे ५२० च्या वेगानं निघेल. वाऱ्यात तो वाईट नाही, पण पडतो इतका की अंतर दोन यार्ड चुकलं तरी नेम गेला. प्रमाणपत्र घेऊन जास्त ताकदीची रायफल घेतलीत तर वरचे सगळे हिशोब लागू. स्कॉटलंडमध्ये ३१ डिसेंबर २०१६ पासून कमी ताकदीच्या एअरगनलाही प्रमाणपत्र लागतं.

२०. स्प्रिंगच्या रायफलमध्ये स्लग?

नको. ताकद कमी पडते, आणि घट्ट बसणाऱ्या जड स्लगमुळे पिस्टन उसळी खातो.

२१. वारा नसताना माझे पेलेट स्लगपेक्षा छान ग्रुप देतात. मग स्लग का वापरू?

तुमचा अनुभव चुकीचा नाही. पेलेट बॅरलच्या बाबतीत सोशिक असतो, स्लग नसतो. ॲरिझोनातल्या मेसा इथे होणाऱ्या एक्स्ट्रीम बेंचरेस्ट स्पर्धेत १०० यार्डांवर .३० चे ४४.७५ ग्रेनचे पेलेट बरीच वर्षं लोकप्रिय होते, आणि ते खेळणाऱ्यांना वारा कळत नव्हता असं कुणी म्हणणार नाही. ५० यार्डांपर्यंत, शांत हवेत, पेलेटच वापरा. ७५ च्या पुढे मात्र ‘वारा नसताना’ ही अट फार वेळा पाळली जात नाही. तुमचा स्लग शांत हवेत १०० यार्डांवर दीड इंचाचा ग्रुप देतो आणि पेलेट एक इंचाचा, तरी ३ मैलांच्या बदलत्या वाऱ्यात स्लग पुढे जातो. स्लगचा ग्रुप शांत हवेतच तीन इंचांचा असेल, तर आधी व्यास आणि सेटिंग दुरुस्त करा (प्रश्न ८ आणि १०).

२२. उन्हाळ्यात जमलेली जोडी थंडीत बिघडते. स्लगचं वजन बदलू का?

वजन नको, वेग तपासा. ० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग १०८७ फुटांवर येतो, ४० अंशांना तो ११६५ असतो. म्हणजे उन्हाळ्यात शांतपणे जाणारा ९५० चा स्लग हिवाळ्यात अडथळा चढतो त्या पट्ट्यात शिरतो. त्यात थंड हवा दाट. वेग ३०-४० फुटांनी खाली आणून बघा. उंचीवर याच्या उलट: डेन्व्हरला, मैलभर उंचीवर, हवा सुमारे १५ टक्के विरळ असते आणि सरक साधारण त्याच प्रमाणात घटते. तिथे जमवलेले होल्ड (नेम किती बाजूला किंवा वर धरायचा ते अंदाज) घेऊन ह्यूस्टनला स्पर्धेला जाऊ नका.

२३. मागे मातीचा ढीग नाही, पण एअरगनच तर आहे. १०० यार्डांवर मारू का?

नाही. पेलेटची सवय असलेले इथे हमखास फसतात. वर चढत्या कोनात सुटलेला स्लग अर्ध्या मैलाच्या पुढे जाऊ शकतो, दगडावर किंवा गोठलेल्या जमिनीवर आपटून तो उसळतोही पेलेटपेक्षा जास्त. पूर्ण पल्ल्याला पुरेल असा मातीचा बांध हवाच. शिसं हाताळल्यावर साबणानं हात धुवा, मगच जेवणाचा डबा उघडा.

२४. शांत दिवसासाठी हलका आणि वाऱ्याच्या दिवसासाठी जड, असे दोन स्लग ठेवावेत का?

ठेवू नयेत. प्रत्येक वजनाला वेगळी सेटिंग, वेगळा झीरो, वेगळे होल्ड. स्पर्धेच्या सकाळी वारा पाहून स्प्रिंग फिरवणारा माणूस दिवसभर त्याच गोंधळात राहतो. एकच स्लग निवडा, त्याच लॉटच्या पुरेशा डब्या एकदम घ्या, आणि वाऱ्याच्या दिवशीही त्याच्याबरोबरच बसा. लॉट बदलला तर वजन तेच असलं तरी व्यास आणि वेग पुन्हा तपासा. तेवढी एक फेरी चुकवता येत नाही.